निरीक्षणगृहातील रात्रपाळी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा त्यात माझा विषय 'बालगुन्हेगारी : एक सामाजिक समस्या' असा घातलेला होता. मी त्यांना कळविले की, एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. समस्येवर बोलणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. त्यांतील काही याच व्यासपीठावर बोलून गेली आहेत आणि मी खाली, तिकडे खांबाजवळ बसून, त्यांची व्याख्याने ऐकलेली आहेत. माझ्यापाशी समस्या कधीच नव्हती. माझ्यापाशी किल्ल्यांचा जुडगा होता. तेव्हा विषय बदलून घेतला. आज मी तुम्हांला रात्री आठ ते सकाळी आठ एवढ्याच वेळाची हकीकत सांगणार आहे.

१९९४ ते २००३ अशी नऊ वर्षे मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांच्या निरीक्षणगृहात काळजीवाहक होतो. लोक त्याला अजून रिमांड होमच म्हणतात. गावाचे नाव सांगणार नाही. एक तर तेथील मुलांची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. आणि दुसरे, माझ्याबरोबर काम केलेली माणसे अजून नोकरीत आहेत, त्यांना माझे भाषण महागात पडावे अशी माझी इच्छा नाही.

मी तेथे कसा येऊन पडलो ते थोडक्यात सांगतो. वडील मुंबईत गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. संप मिटला असे कोणी कधी जाहीर केले नाही, आणि वडील पुन्हा साच्यावर गेले नाहीत. आम्ही गावाकडे आलो. शाळा सुटली ती सुटलीच. जिल्ह्याच्या गावी एका बाइंडिंगच्या कारखान्यात मी फर्मे मोडायला बसलो. दिवसभर एकाच फर्म्याच्या हजार हजार प्रती हाताखालून जात. पुस्तकाची ३३ ते ४८ पाने मला पाठ होत, आणि ४९ व्या पानावर काय झाले याचा पत्ता नसे. ते कळावे म्हणून नगर वाचनालयात जाऊ लागलो. माझे शिक्षण ते एवढेच. पुढे कारखाना बंद पडला, आणि ओळखीच्या एका गृहस्थांनी निरीक्षणगृहात चिकटवून दिले. पगार महिना नऊशे रुपये.

'काळजीवाहक' हा शब्द मोठा गोड आहे. नेमणुकीच्या कागदावर मी काळजीवाहक होतो, हजेरीपत्रकावर पहारेकरी, मुलांच्या तोंडी काका, आणि आमच्या घरी मंडळी थट्टेने जेलरसाहेब म्हणत. पहिल्या दिवशी मला किल्ल्या, शिटी, बॅटरी आणि एक वेताची काठी मिळाली. काठी कशासाठी ते कोणी सांगितले नाही व मीही विचारले नाही. अधीक्षक म्हणाले, "गिनती पक्की ठेवा. सकाळी एक पोर कमी भरले तर तुमची नोकरी गेली समजा." माझे सारे प्रशिक्षण या दोन वाक्यांत आटोपले. बाइंडिंगच्या कारखान्यात नवा पोऱ्या आला तर त्याला महिनाभर नुसती खळ करायला बसवीत, सुई हातात देत नसत. येथे पहिल्याच रात्री चाळीस मुले हातात दिली.

या घरांचा इतिहास फार जुना आहे. १८५० साली मुलांना गुन्ह्याबद्दल तुरुंगाऐवजी धंदा शिकण्यास पाठविण्याचा कायदा झाला, आणि १८५७ पासून मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची मुलांची संस्था उभी आहे. १९२४ साली मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा आला, १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते हे या व्यासपीठावरून सांगावयाला नको. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिले आहे. त्याच तुरुंगाच्या जुन्या वास्तूत पुढे मुलांचे निरीक्षणगृह भरले. मी ते पाहून आलो आहे. भिंत तुरुंगाची असली म्हणजे आतील माणसाला तुरुंगासारखे वागायला वेगळे शिकवावे लागत नाही, हे मात्र मला डोंगरीला न जाताही कळले होते.

कायदा मात्र चांगला होत गेला. हे मी संघटनेचा माणूस असूनही कबूल करतो. पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत ठेवलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, १९८६ साली जम्मू-काश्मीर सोडून सगळ्या देशाला लागू होणारा बाल न्याय कायदा झाला, मग २००० चा, आणि आज चालू आहे तो २०१५ चा. पोलिसांनी मुलाला कोठडीत ठेवावयाचे नाही, बेडी घालावयाची नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे आणावयाचे. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत निदान एक स्त्री. मंडळाने उंच चौथऱ्यावर बसावयाचे नाही, साक्षीदाराचा पिंजरा ठेवावयाचा नाही. चौकशी चार महिन्यांत संपवावयाची, फार तर आणखी दोन महिने. क्षुल्लक गुन्ह्याची तेवढ्यात न संपली तर बंदच करावयाची. आणि जामीन हा नियम, कोंडणे हा अपवाद.

मग मुले आत कशी राहतात? पुण्यात मे २०२४ मध्ये मोटारीचा तो अपघात झाला, दोन तरुण जीव गेले, तीनशे शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला, लोक खवळले, मग मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने ते ठेवणे बेकायदा ठरविले. त्या महिन्यात मला जो तो विचारी, "काय हो, तेथे टीव्ही असतो का?" टीव्ही असतो. परंतु मला आठवत ती वेगळी मुले. त्यांनाही जामीन मंजूर होई. कागद येऊन पडे. न्यायला मात्र कोणी येत नसे. बाप ऊसतोडीला गेलेला, आई दुसऱ्या घरी नांदत असलेली, मामाने 'तुमच्याकडेच असू द्या, जेवायला तरी मिळते' म्हणून सांगितलेले. जामीन मिळालेला मुलगा आमच्याकडे दोन-दोन महिने राही. निबंध लिहायला त्याला कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तर त्याला लिहिता आले नसते.

माझ्या नऊ वर्षांत आलेली बहुतेक मुले चोरीची. भंगार, सायकल, नळाच्या तोट्या, पुढे पुढे मोबाइल. खुनातली, बलात्कारातली मुलेही आली, नाही असे नाही. त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत पण बातमी येते, आणि श्रोत्यांना तेच ऐकावयाचे असते हे मला ठाऊक आहे. ते मी सांगणार नाही. रात्री दोन वाजता खुनातला मुलगा आणि तोट्यांतला मुलगा सारखेच अंग आखडून झोपतात.

रात्रपाळीचे काम असे. आठ वाजता दिवसाचा माणूस संख्या सांगून जाई. नऊला दिवे मालवायचे. ज्याला कागदावर शयनगृह म्हणतात व मुले हॉल म्हणतात, त्यात सतरंज्यांवर ओळीने मुले. दर दोन तासांनी मोजणी. मोजणी म्हणजे नुसती डोकी मोजणे नव्हे; उशीवर गुंडाळलेला कपडाही अंधारात डोके दिसतो. श्वास ऐकावा लागतो. खरोखर झोपलेल्या मुलाचा श्वास मध्येच अडखळतो, सोंग घेतलेल्याचा एकसारखा चालतो. खरजेने अंग खाजवणारी मुले असत, त्यांना मलम लावायचे. अंथरूण ओले करणारी असत. बारा-तेरा वर्षांची, आणि बाहेर तीच मुले दादागिरी करून आलेली. त्यांना बाकीचे जागे होण्याआधी उठवून कपडे बदलायला लावावे, सतरंजी धुवायला टाकावी, याला कोणत्याही नियमात जागा नाही, पण एवढे एक केले तर तो मुलगा पुढे कधी त्रास देत नाही. पंक्चरचे सोल्युशन हुंगणारी पोरे पहिले चार-पाच दिवस थरथरत, भिंतीवर डोके आपटून घेत. त्यांच्यापाशी बसून राहण्यापलीकडे मला काही येत नव्हते. डॉक्टर दिवसा येत. येत तेव्हा.

आणि नव्याची पहिली रात्र. दुपारी गुर्मीत आलेला मुलगा दिवे मालवल्यावर विचारतो, "काका, उद्या सोडतील ना?" याला काय उत्तर द्यावे हे मला नऊ वर्षांत सापडले नाही. मी म्हणे, "उद्या मंडळ बसणार आहे का ते बघू." दंगा होतो तो जेवणावरून होतो असे लोक समजतात. जेवणावरून कुरकुर होते. दंगा तारीख पुढे गेली म्हणजे होतो.

आता ज्यासाठी मी येथे उभा राहिलो आहे ते सांगतो.

१९८६ च्या कायद्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंतच बालक होता. २००० च्या कायद्याने ही मर्यादा अठरावर नेली आणि १ एप्रिल २००१ पासून ते लागू झाले. न्याय म्हणून ते योग्यच होते. सतरा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या तुरुंगात जाऊ नये. त्याच कायद्यात हेही लिहिले होते की, सात ते बारा, बारा ते सोळा आणि सोळा ते अठरा असे मुलांचे वयाप्रमाणे गट करावे. आमच्याकडे गट झाले. रजिस्टरात झाले. तीन रंगांच्या शाईने रकाने आखले. हॉल एकच होता आणि रात्री माणूसही एकच होता. मिसरूड फुटलेली, ट्रकवर क्लीनर म्हणून हिंडलेली मुले आणि अकरा-बारा वर्षांची पोरे एका सतरंजीवर आली.

त्या पावसाळ्यात एका रात्री एकच्या मोजणीला बेचाळीसांपैकी एक्केचाळीस भरले. पुन्हा मोजले, एक्केचाळीस. वीज गेलेली, बॅटरी मंद झालेली. तिसऱ्यांदा मोजले. तुम्हांला सांगतो, त्या पाच मिनिटांत मुलाचा विचार माझ्या मनात आला नाही. धाकटीच्या शाळेची फी, वडिलांचे औषध, आणि अधीक्षकांचे ते दोन वाक्यांचे प्रशिक्षण, एवढेच आले. न्हाणीघर पाहिले, संडास पाहिले, गज हलवून पाहिले. शेवटी कोपऱ्यात जादा गाद्यांची चळत होती, तिच्या आणि भिंतीच्या सांदीत तो सापडला. बारा वर्षांचा होता. नळाच्या तोट्यांतलाच. गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, जागा होता, आणि मी तीन वेळा हाका मारल्या तरी त्याने ओ दिली नव्हती.

मी त्याला ओढून बाहेर काढले आणि पोटऱ्यांवर वेत ओढले. किती, ते मोजले नाही. त्या रात्री मोजण्यात मी एवढा पक्का असूनही. तो ओरडला नाही. मग मी त्याला त्याच्या जागी नेऊन झोपवले, दोन मोठ्या मुलांच्या मध्ये, आणि रजिस्टरात लिहिले : 'रात्री १. सर्व ठीक. संख्या ४२.'

तो तेथे का लपला होता हे मला पंधरा दिवसांनी कळले. त्याच दोन मोठ्या मुलांपासून तो लपत होता. हॉलमध्ये बाकीच्या सगळ्यांना ते माहीत होते. मी त्याला मारून पुन्हा त्यांच्याच मध्ये नेऊन झोपवला होता. मधल्या पंधरा रात्रीत तो एकदाही सांदीत गेला नाही, आणि माझी गिनती एकदाही चुकली नाही. मी अधीक्षकांना सांगितले. लपण्याचे सांगितले, मोठ्या मुलांचे सांगितले. वेताचे सांगितले नाही. मोठ्यांना दुसरीकडे हलवले. त्या मुलाला त्याची आजी येऊन घेऊन गेली. जाताना तो सगळ्या काकांच्या पाया पडला. माझ्याही.

हे मी सतरा वर्षांत कोणापुढे बोललो नव्हतो. बोललो ते २०१८ साली, आणि तेही नाइलाजाने. तोवर मी नोकरी सोडून संघटनेचे काम करू लागलो होतो. अंगणवाडीच्या बाया, वसतिगृहांतले स्वयंपाकी, आणि या घरांतले काळजीवाहक, असे ज्यांना सरकार आपले म्हणत नाही व संस्थाही आपले म्हणत नाही, त्यांची आमची युनियन. एका निरीक्षणगृहातील आमच्या एका सभासदाने एका मुलाला मारले. मुलाचा हात मोडला. आता कायदा फार कडक आहे, आणि असावा. मुलांचा सांभाळ ज्याच्याकडे दिला त्यानेच क्रूरपणा केला तर कलम ७५ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. सभासदाला निलंबित केले, गुन्हा नोंदला गेला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातील सगळे सभासद माझ्याकडे आले. त्यांचे म्हणणे साधे होते. माणूस वीस वर्षांचा जुना. सलग तिसरी रात्रपाळी. जोडीदाराची जागा दोन वर्षे रिकामी. समोर छपन्न मुले. आणि आता एका चोरट्या पोराच्या सांगण्यावरून त्याचे घर बुडणार. युनियनने म्हणावे की पोरगा खोटे बोलतो, तो स्वतःच पडला. आणि त्याला कामावर घेईपर्यंत काम बंद. चार सहकारी साक्ष द्यायला तयार होते.

गड्यांनो, युनियन कशासाठी असते? सभासद अडचणीत आला तर 'तू बरोबर की चूक' हे विचारत न बसता उभे राहण्यासाठी असते. हे मी वडिलांकडून शिकलो आहे आणि ते मी आजही मानतो. मालकाकडे वकील असतो, कामगाराकडे कामगार असतात. परंतु येथे मालक कोण? तो मुलगा मालक नव्हता. तो आमच्याच वस्तीतला, आमच्यातल्याच कोणा बिगाऱ्याचा मुलगा. आम्ही त्याला खोटा पाडणार होतो कारण त्याला खोटे पाडणे सगळ्यांत स्वस्त होते.

मी त्या माणसाला एकटा भेटलो आणि त्याला गाद्यांच्या चळतीची हकीकत सांगितली. त्याने खाली मान घालून ऐकली. मग म्हणाला, "तुम्ही सुटलात ना? मग मला का अडकवता?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आजही नाही.

सभेत मी सांगितले ते असे. युनियन त्याला वकील देईल. त्याच्या घरी महिना काही रक्कम जाईल. रात्री छपन्न मुलांमागे एक माणूस ठेवणाऱ्यांची नावे चौकशीत आली पाहिजेत म्हणून आम्ही लेखी निवेदन देऊ, मागच्या दोन वर्षांतील रिकाम्या जागांची पत्रे जोडून देऊ. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत शंभर मुलांच्या संस्थेला कोणती पदे हवीत त्याचा तक्ता आहे. तो तक्ता आणि आमचे हजेरीपत्रक शेजारी शेजारी ठेवू. पण मुलगा खोटे बोलतो असे युनियनच्या कागदावर येणार नाही, आणि न पाहिलेली साक्ष आमचा सभासद देणार नाही.

त्या जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक सभासदांनी महिन्याभरात युनियन सोडली. सभेत एकाने मला 'पोरांचा पुढारी' म्हटले. नोकरी त्याची गेली ती गेली. त्याच्या पत्नीने दोन महिने आमची रक्कम घेतली आणि तिसऱ्या महिन्यात मनीऑर्डर परत पाठवली. मी चूक केली असे मला वाटत नाही. पण मला ते स्वस्तात पडले आणि त्याला महागात, हेही खरे आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तेव्हापासून आमच्या मागणीपत्रात पगाराच्या आधी पहिले कलम असे लिहितो : प्रत्येक हॉलला रात्री दोन माणसे. वाटाघाटीला बसलेले अधिकारी हे वाचून चकित होतात. एकाने मला विचारले, "ही कामगारांची मागणी आहे की मुलांची?" मी म्हटले, साहेब, एक माणूस असला की त्याला फक्त मोजता येते. दुसरा असला तर एक जण मोजील आणि एक जण विचारील की बाबा, तू त्या सांदीत का बसला आहेस. शिवाय दुसऱ्याच्या देखत वेत उचलताना हात जड होतो. प्रशिक्षणही मागतो, पण प्रशिक्षण म्हटले की एक दिवसाचा वर्ग भरवतात, दुपारी जेवण देतात आणि प्रमाणपत्र देतात. रात्री शेजारी बसलेला जुना माणूस हेच खरे प्रशिक्षण. मला तो मिळाला नाही.

जुन्या काळजीवाहकांत एक रीत आहे ती सांगतो आणि संपवितो. निरीक्षणगृहातून सुटलेला मुलगा पुढे कोठे भेटला तर आपण होऊन ओळख दाखवावयाची नाही. कायदाही म्हणतो की, या प्रकरणामुळे त्याच्या पुढच्या आयुष्याला कोठेही बाध येऊ नये. बसस्थानकावर, लग्नात, दुकानात, तो बायकामुलांबरोबर असतो. त्याने पाहून न पाहिल्यासारखे केले तर आपण पुढे चालू लागावे. त्याने 'काका' म्हटले तर थांबावे. मला आजवर बरेच जण थांबवतात. चहा पाजतात. त्या मुलाला मी ओळखू शकेन असे वाटत नाही, तो आता पस्तिशीचा असेल. आणि त्याने मला ओळखले असेल व तो पुढे निघून गेला असेल तर ते मला कळावयाचे नाही.

गेल्या वर्षी एका ठिकाणी दुसऱ्या माणसाची जागा मंजूर झाली. कंत्राटी, अकरा महिन्यांची. मुदत गेल्या महिन्यात संपली आणि तेथे आता रात्री पुन्हा एकच माणूस आहे. त्याच कामासाठी सोमवारी वरच्या कचेरीत जावयाचे आहे, कागद सोबत आणले आहेत आणि शेवटची गाडी साडेनऊची आहे. अध्यक्षांचा हात घंटेकडे गेलेला मला दिसतो आहे.